होम प्लेटवरचा नारळ

आमच्या घरात त्या दोन वर्षांत रक्त निघालं नाही असा आठवडा गेला नसेल, आणि तरी शेजारच्या मरायकेबाई आईला म्हणायच्या, तुमची मुलं किती शांत आहेत. बाई खोटं बोलत नव्हत्या. आम्ही शांतच होतो. हॉलंडमधल्या फेल्डहोवन गावातल्या त्या एका ओळीतल्या घरांच्या भिंती इतक्या पातळ की पलीकडे मरायकेबाई शिंकल्या तर आई इकडून 'शतायुषी व्हा' म्हणायची. त्यात वर माळ्यावर, जिथे पूर्वी ख्रिसमसला मिळालेले खोके आणि सुटकेसा पडलेल्या असायच्या, तिथे बाबांनी टेबल मांडून ऑफिस थाटलेलं. बाबा ज्या यंत्रांवर काम करायचे ती केसाच्या हजाराव्या भागाइतकी जरी हलली तरी बिघडतात म्हणे. करोनाची साथ सुरू झाल्यावर बाबांचंही तसंच झालं. मीटिंग चालू असताना खाली चमचा पडला तरी ते वरून पाय आपटायचे, दुसऱ्यांदा पडला तर जिन्याच्या तोंडाशी येऊन अशा आवाजात ओरडायचे की मला वाटायचं, मीटिंगमधल्या लोकांनी चमच्याचा आवाज माफ केला असता, हा कसा करतील. त्यांनी आमच्यावर हात मात्र कधी उगारला नव्हता. हे मी इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

तर अशा घरात मी आणि माझी बहीण इरा मारामारी करायला शिकलो, आणि ती मुकी मारामारी होती. मी चौदा वर्षांचा, अंगाने शेवग्याच्या शेंगेसारखा. इरा बारा वर्षांची, माझ्यापेक्षा बुटकी, पण तिचे खांदे बघून आईला माहेरचे कोणी पैलवान मामा आठवायचे. नियम कोणी केले नव्हते, ते आपोआप झाले: ज्याच्या तोंडून पहिला आवाज निघेल तो हरला. त्यामुळे ती माझ्या दंडाचा चावा घ्यायची तेव्हा मी उशी तोंडात कोंबायचो, आणि मी सायकलच्या पंपाने तिच्या बरगड्यांवर मारायचो तेव्हा ती डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत, ओठ मिटून, माझे केस मुठीत धरून माझं डोकं सोफ्याच्या लाकडी कडेवर हळूच, अगदी आवाज होणार नाही इतक्या बेताने आपटायची. सांडशी, लाटणं, ओला टॉवेल, चार्जरची वायर, सगळं वापरून झालं. एकदा तिने माझी करंगळी फ्रीजच्या दारात धरली आणि दार सावकाश लावत आणलं. फ्रीजचं रबर किती मऊ असतं हे जाहिरातीत सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. दुपारी दोन ते सहा आई घरी नसायची, बाबा माळ्यावर, आणि खाली आम्ही दोघं एकमेकांचा जीव घेत असायचो. मग शाळेचा तास सुरू व्हायची वेळ झाली की एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून दोघंही कॅमेरा चालू करायचो. माझ्या भूगोलाच्या बाईंनी एकदा विचारलं, "ओयास, तुझ्या कपाळावर काय लागलंय?" माझं नाव ओजस, पण त्या देशात 'ज'चा 'य' होतो. मी म्हटलं, कुंकू. आमच्याकडे आज सण आहे. बाईंनी सगळ्या वर्गाला मला शुभेच्छा द्यायला लावल्या.

इतका राग कुठून यायचा, हे मला नातवंडं विचारतात. ती आता ती वर्षं इतिहासाच्या पुस्तकात वाचतात आणि त्यांना वाटतं आम्ही सगळे खिडकीत उभं राहून टाळ्या वाजवत होतो. मला नीट सांगता येत नाही. बाहेर तरी काय निराळं होतं? त्या हिवाळ्यात संचारबंदी लागली आणि आइंडहोवनच्या स्टेशनपाशी लोकांनी दगडफेक केली, दुकानांच्या काचा फोडल्या, सायकली रचून त्यांचे अडथळे केले. आमच्या घरापासून सायकलने अर्धा तास. आम्ही ते फोनवर बघत होतो. इरा बराच वेळ बघून डचमध्ये म्हणाली, "हे लोक किती आवाज करतात." तिच्या स्वरात तुच्छता होती, कसलेल्या माणसाची.

आता आईबद्दल. आई पुण्यात शाळेत शिक्षिका होती. इथे आल्यावर तिची पदवी एका पाकिटात जाऊन बसली, आणि साथीच्या काळात ती दुपारी एका सुपरमार्केटच्या गोदामात लोकांनी घरबसल्या मागवलेलं सामान पिशव्यांत भरायला जायची. पण सकाळी आठ वाजता ती पुन्हा बाई व्हायची. शाळा बंद पडल्या त्या पहिल्याच आठवड्यात तिने फ्रीजवर एक पांढरा फळा चिकटवला आणि स्वयंपाकघरात परिपाठ सुरू केला. वार, तिथी, सुविचार आणि दिनविशेष. आम्ही तिघांनी ओळीत उभं राहायचं. बाबा वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली चट्ट्यापट्ट्याचा पायजमा अशा अवतारात मीटिंगच्या आधी खाली यायचे, हात मागे बांधून उभे राहायचे, आणि सुविचार ऐकताना त्यांचा चेहरा रांगेत चुकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा व्हायचा. मला त्या परिपाठाची तेव्हा लाज वाटायची. आज मी हे मराठीत लिहितो आहे त्याचं श्रेय आणि दोष, दोन्ही त्या फळ्याचे.

दिनविशेष शोधायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यातली मेख माझ्या आठवड्याभरात लक्षात आली. जो दिवस असेल त्याप्रमाणे आई काहीतरी करायची. चहा दिन म्हटलं की आलं घातलेला चहा, तांदळाचा दिवस म्हटलं की भाताचे वडे. फळ्यावर काय लिहायचं ते माझ्या हातात, म्हणजे ताटात काय पडायचं तेही माझ्या हातात. मी जगाच्या दिनदर्शिकेत मोलाची भर घातली. आंतरराष्ट्रीय थालीपीठ दिन मी स्थापन केला. शेंगदाणा संवर्धन दिन मीच. इरा आठवडाभर वाट्टेल ते बोलली म्हणून मी एकदा जागतिक भगिनी मौन दिनही पाळायला लावला होता. त्या दुपारी तिने मला जिन्यावरून ढकललं, आणि डच जिने शिडीसारखे उभे असतात. बाबांना संशय यायचा. ते एकदा फळ्याकडे बघत म्हणाले, "गेल्या महिन्यात बटाटा दिन दोनदा झाला."

"एक राष्ट्रीय असेल," आई म्हणाली, "एक जागतिक."

"आणि दोन्ही दिवशी वडेच?"

"मग बटाट्याच्या दिवशी काय दोडका करू?"

बेसबॉल आमच्या घरात आला माझ्यामुळे, टिकला इरामुळे. तिथे त्याला होंकबाल म्हणतात आणि फार थोडी मुलं खेळतात, म्हणून क्लबवाले शाळेत येऊन कोणीही सापडेल त्याला धरून न्यायचे. मला क्रिकेट येतं असा माझा समज होता, म्हणून मी गेलो. माझ्या मागे लागून इरा आली. पहिल्या दिवशी प्रशिक्षक विमने तिच्या हातात चेंडू दिला, तिने तो टाकला, आणि ज्याने तो झेलला त्याने हातमोजा काढून तळहात बघितला. विम म्हणजे निवृत्त बसचालक, साठी उलटलेला, कमी बोलणारा. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तू?" मी बॅट फिरवली. आजतागायत मी ती फिरवतोच आहे, मध्ये चेंडू कुठे येत नाही. पहिल्या वर्षीचा मोसम साथीने गिळला. दुसऱ्या वर्षी एप्रिलात सांगण्यात आलं की मुलांनी आपापल्या क्लबातच दोन संघ पाडून खेळावं, दुसरा क्लब यायचा नाही, कँटीन बंद, आणि आईबापांनी कुंपणाबाहेर राहावं. तेवढ्यानेही आम्ही वेडे झालो. शनिवारी मोसम सुरू होणार होता.

मी बुधवारी फळ्यावर लिहिलं: 'येत्या शनिवारी बेसबॉल मोसमाचा शुभारंभ. प्रत्येक खेळाडूने आपल्या घरची प्रथा पाळावी.' पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं मी श्रीखंडपुरीसाठी घातलं होतं. आई तिथल्या क्वार्कचं, म्हणजे डब्यातल्या घट्ट दह्याचं, श्रीखंड करायची, चक्का टांगायची भानगड नाही, डबा उघडला की साखर-वेलची घालून घोटायचं. पण सणाशिवाय ती ते करत नसे. मला वाटलं, प्रथा म्हटलं की आई पुरीची कणीक मळायला घेईल. आई फळ्यासमोर उभी राहिली. मग तिने डोळे पुसले. त्या देशाने इतक्या वर्षांत तिच्याकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ते मागणं मी तिथेच बसून बनवलेलं होतं. "नारळ वाढवू या," ती म्हणाली. "नवं काही सुरू करायचं तर मैदानावर नारळ नको?" पाडव्याला आणलेला एक नारळ शिल्लक होता. श्रीखंडाचं नाव कोणी काढलं नाही.

शुक्रवारी दुपारी विमने संघ कळवले. पहिल्या संघाची गोलंदाज, म्हणजे तिथल्या भाषेत पिचर, इरा. दुसऱ्या संघात, सगळ्यात शेवटी, बदली खेळाडू म्हणून मी. इराने फोन टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर मुकाट्याने नाचली. तोंडातून आवाज नाही, नुसते हात, कंबर, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला तो ओरबाडून काढावासा वाटला. मी तसंच केलं. तिच्या गळ्यापाशी हात घालून तिची जर्सी टराटरा फाडली. तिने माझ्या गुडघ्यामागे लाथ मारून मला पाडलं, पाठीवर बसली आणि माझा हात पिळून खांद्यापर्यंत नेला. वर बाबा कोणाला तरी समजावत होते की यंत्र पुढच्या महिन्यात नक्की पोचेल. इरा माझ्या कानाशी वाकून कुजबुजली, "तुला फक्त हलत नाहीत त्याच गोष्टी मारता येतात." मी तिच्या मनगटाला चावलो. चामडीची चव खारट असते आणि दात तिथेच थांबत नाहीत. तिने आवाज केला नाही. कोणीच हरलं नाही, आणि त्या वर्षीची ती आमची सगळ्यात भयंकर मारामारी होती, असं मला त्या संध्याकाळी वाटलं होतं. अजून शनिवार यायचा होता.

शनिवारी एप्रिलातल्या गारा पडून गेल्या होत्या आणि मैदान भिजलेलं होतं. नारळ सायकलवर लटकवून न्यायचा नाही असं आईने कामावर जाताना बजावल्यामुळे बाबांनी आम्हाला गाडीतून सोडलं आणि बाकीच्या पालकांपासून अंतर राखत तारेच्या जाळीबाहेर उभे राहिले. मैदानात विम बॅट लांब धरून मुलांमधलं दीड मीटर मोजत फिरत होता. मी पिशवीतून शेंडी असलेला नारळ काढला, त्याला हळदकुंकू लावलं आणि पंधरा मुलांना सांगितलं की आमच्याकडे हा फोडल्याशिवाय काही सुरू होत नाही. कोणी हसलं नाही. ती मुलं भली होती. एकाने तर टोपी काढली.

मग मी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि होम प्लेटवर, म्हणजे फटका मारणारा जिच्याशेजारी उभा राहतो त्या जमिनीतल्या पाटीवर, आपटला. ती प्लेट पांढऱ्या रबराची असते, हे मला दीड वर्षापासून माहीत होतं. नारळ टुणकन उडाला आणि माझ्या नडगीवर आदळला. आता मात्र सगळे हसले. मी लंगडत जाऊन तो आणला आणि पुन्हा आपटला. या वेळी तो घरंगळत पिचरच्या उंचवट्याकडे गेला, इराच्या पायांशी. मी आजूबाजूला दगड शोधला. ओली वाळू, गवत, रबर, लाकडी बाकं. पुण्यात पावलापावलाला ठेच लागते. हॉलंडमध्ये माणसाला वेळेला एक दगड मिळत नाही. जाळीबाहेरून बाबा मराठीत ओरडले, "राहू दे रे, घरी फोडू." त्यांच्या आवाजात मला लाज ऐकू आली, आणि ती माझी होती.

विम म्हणाला, "बॅट आहे की."

मी बॅट घेतली, पण नारळ प्लेटवर ठरेना. तेव्हा इरा आपणहून आली. गुडघे टेकून बसली, शेंडीच्या बाजूने नारळ उजव्या हातात धरला, डावा हात पाठीमागे घेतला, आणि वर बघून डचमध्ये म्हणाली, "मार. नीट मार." ती हसत होती. छद्मी नाही, खरंखुरं. तिचा दिवस होता, आणि त्यातला थोडा मला द्यायला तिची हरकत नव्हती.

बॅट खाली आली. नारळ फुटला नाही. ऊस मोडावा तसा आवाज आला आणि तो नारळाचा नव्हता.

इरा ओरडली नाही. आमच्या घरातली सवय. त्यामुळे काय झालं ते पहिल्या क्षणी कोणालाच कळलं नाही, मलासुद्धा ते तिच्या डोळ्यांत बघून कळलं. तिने उजव्या हाताकडे पाहिलं. दोन बोटांच्या मुळाशी काहीतरी भलतीकडे गेलं होतं. मग तिने डाव्या हाताने नारळ उचलला, उभी राहिली, आणि सगळ्या अंगाचं वजन टाकून माझ्या तोंडावर हाणला. माझा वरचा पुढचा दात प्लेटवर पडला. आणि तेव्हा, इतका वेळ न फुटलेला तो नारळ तडकला. पाणी माझ्या छातीवरून ओघळलं, रक्तात मिसळून. आजही मला वाटतं की जगात दाताने नारळ वाढवून सुरू झालेला बेसबॉलचा तो एकमेव मोसम असेल.

मी तिच्यावर झेप घेतली. हे लिहिताना बोटं अडखळतात. हात मोडलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या छातीवर बसून मी तिला बुक्के मारले, आणि ती डाव्या हाताने माझा गळा दाबत होती, आणि दोघंही एक अक्षर बोलत नव्हतो. मुलं दीड मीटरवर उभी होती. नियम होता ना. विम धावत येत होता, पण त्याच्याआधी बाबा आले. बाबा जाळी चढून आले, चाळिशीचा, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, आणि उतरताना वरच्या तारेत त्यांचा तळहात फाटला. त्यांनी मला कॉलर धरून उचललं आणि माझ्या गालावर थप्पड मारली. त्यांच्या हाताचं रक्त माझ्या गालावर लागलं. आमच्या मारामाऱ्यांमधला तो पहिला आवाज. मैदानाच्या पार टोकापर्यंत गेला असणार, कारण तिथले पालकही वळून बघू लागले.

शनिवारी आपला नेहमीचा हाउसआर्ट्स, म्हणजे घराजवळचा डॉक्टर, बंद असतो. रुग्णालयात सुट्टीच्या दिवसांचा दवाखाना असतो, तिथे जावं लागतं. आम्ही गाडीत बसलो. इराचा हात बर्फाच्या पिशवीत, माझा दात, तो पुन्हा बसवता यावा म्हणून, विमने दिलेल्या दुधाच्या पेल्यात, स्टिअरिंगवर बाबांचं रक्त. दारात एका बाईने विचारलं, खोकला आहे का, ताप आहे का. आमच्याकडे बघून तिने पुढचे प्रश्न सोडून दिले.

डॉक्टर तरुण होती, मास्कवर थकलेले डोळे. इराच्या हाताचा एक्स-रे काढून आणला. दोन हाडं मोडली होती. प्लास्टर घालण्याआधी तिने इराला शर्ट वर करायला सांगितला. बरगड्यांवर पंपाचे वळ होते. काही जांभळे, काही हिरवे, काही पिवळट झालेले. मनगटावर दातांची ताजी माळ. तिने मलाही शर्ट काढायला सांगितला. माझ्या दंडांवर काय काय होतं ते मला ठाऊक होतं. बाबा कोपऱ्यात उभे होते, हात रुमालात गुंडाळून, आणि आमच्या अंगांकडे बघत होते, जणू कोणीतरी दुसऱ्याची मुलं आणून उभी केली आहेत.

"हे कधीचं?" ते मराठीत म्हणाले.

इराचं मराठी कानापुरतं होतं, ती सहसा डचमध्येच उत्तर द्यायची. तेव्हा मात्र मराठीत म्हणाली, "तुझ्या मीटिंगमधलं, बाबा."

डॉक्टरने बाबांना इंग्रजीत सांगितलं की तुमच्या हाताला टाके लागतील, धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्या, नर्स बाहेर आहे. दार बंद झाल्यावर ती स्टूल ओढून बसली आणि डचमध्ये म्हणाली, "तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का?"

मला प्रश्न पूर्ण कळला. गालावरची थप्पड अजून चरचरत होती, पंधरा मुलांसमोरची. मी काही खोटं बोलायची गरज नव्हती. मी नुसतं खाली बघितलं आणि गप्प बसलो. मारामारी सोडली तर माझ्यासारख्या बडबड्या मुलाने तोपर्यंत आयुष्यात इतका वेळ तोंड मिटून ठेवलं नव्हतं, आणि मला माहीत होतं ते मौन काय सांगत होतं. डॉक्टरने माझ्या गालावरचं वाळलेलं रक्त पाहिलं. ते कोणाचं होतं ते तिलाही कळलं.

"सायकलवरून पडलो," इरा म्हणाली.

"दोघंही?"

"हो."

"मनगटावर दात आहेत. सायकलला दात नसतात." तिने आवाज चढवला नाही. "आणि हात?"

"अपघात झाला. नारळ फोडत होतो."

डॉक्टरने मान हलवली, अगदी सावकाश. आज मला कळतं, तिने असली उत्तरं किती मुलांकडून ऐकली असतील. पडलो, आपटलो, चुकून झालं; आईबापांना वाचवणारी मुलं हेच म्हणतात, आणि त्यात नारळ. "मला हे कळवावं लागेल," ती म्हणाली. "आणि तुमचे बाबा आज तुमच्यासोबत घरी येतील की नाही, ते मला आधी विचारावं लागेल."

इराने माझ्याकडे पाहिलं. तिच्याजवळचं सगळं सांगून झालं होतं. अपघात म्हणून ती मला वाचवत होती, आणि मला वाचवलं की बाबा बुडत होते. दोन्ही एका वेळी होणार नव्हतं. ते एकच वाक्य शिल्लक होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

"मी मारलं," मी म्हटलं. दात नसल्यामुळे शब्दातून हवा गेली आणि पुन्हा म्हणावं लागलं. "बॅटने. पंपानेपण मीच. माझ्या दंडांवरचे चावे तिचे. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही आवाज करत नाही."

"हातावर चुकून लागली?"

त्या अर्ध्या सेकंदाबद्दल मी पुढे पुष्कळांना पुष्कळ सांगितलं आहे. बॅट ओली होती, सूर्य डोळ्यांवर होता, नारळ फिरला. त्या दिवशी सूर्य नव्हता. बॅट वर असताना मला नारळ दिसत होता आणि त्याच्या खाली चार बोटांच्या अंतरावर ज्या हाताने ती चेंडू टाकायची तो हात दिसत होता, आणि मी दोन्हींकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "मुद्दाम."

दार केव्हाच उघडलं होतं. बाबा परत आले होते, हाताला पट्टी बांधून, उंबऱ्यात उभे. बाबांचं डच फार नव्हतं. रोज सकाळी फोनवर दहा मिनिटं शिकायचे, आम्ही त्यांच्या उच्चारांना हसायचो. पण 'मुद्दाम' हा शब्द त्यांना कळला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि आता ते पुन्हा मारणार असं वाटून मान आत घेतली. डॉक्टरने ते पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

इरा सरकली आणि माझ्यापासून थोडी दूर बसली. रडत नव्हती. तिला ते आधीपासून ठाऊक होतं की तेव्हाच कळलं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

डॉक्टर बाबांना इंग्रजीत म्हणाली, मुलगा सांगतो आहे की हे सगळं त्या दोघांमधलं आहे. खरं असेल तर निराळ्या प्रकारची मदत लागेल. तिचा आवाज थोडा सैल झाला होता. बाबांना फक्त हो म्हणायचं होतं आणि आम्ही तिघं घरी जाणार होतो.

"मीसुद्धा मारलं याला," बाबा म्हणाले. "आज. तोंडावर. आणि तेही चुकून नव्हतं."

डॉक्टर त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही असं म्हणालात तर मला ते लिहावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"लिहा," बाबा म्हणाले.

तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि त्यांचं पूर्ण नाव विचारलं. बाबांनी सांगितलं. तिला ते लिहिता येईना. तेव्हा बाबा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, पट्टी बांधलेला हात गुडघ्यावर ठेवला, आणि एकेक अक्षर सुटं करून, तिचं टाईप होईपर्यंत थांबून, सांगू लागले. डी. एन. वाय. ती थांबली आणि म्हणाली, "डी, मग एन?"

"हो," बाबा म्हणाले. "डी, मग एन. सावकाश लिहा. मी थांबतो."